बायबलचे दोन फर्मे

अप्पा, ते मोठं तमिळ बायबल परत आलं आहे. कालव्याकाठच्या गावातल्या चर्चचं, तुम्ही बांधून दिलेलं. मोपेडवर पुढ्यात तान्ह्या पोरासारखं धरून आणलं मी. आता ते तुमच्या पाटावर आहे आणि शेजारी बसून मी हे लिहिते आहे. तुमच्यामागे आपल्या घरात देवनागरी वाचणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. नातवंडांना आपली तंजावूरची मराठी कळते, पण उत्तरं तमिळमध्ये येतात. तेव्हा मनातलं बेधडक लिहायला हरकत नाही.

पुस्तकाची पाठ पार सुटली आहे. मी नव्या पाद्रींना विचारलं, एवढं कोण वाचतं हो तुमच्याकडे? ते हसले. म्हणाले, "वाचून नाही अम्मा, उचलून उचलून मोडलं. निवडणूक आली की सगळ्या पक्षांचे येतात, हातात घेतात, फोटो काढतात, जातात. उघडून एकानंही बघितलं नाही." मलाही हसू आलं, पण फार नाही. उघडून न बघणाऱ्यांत माझाच नंबर पहिला.

ते पहिल्यांदा घरात आलं तेव्हा समोरचे काका दारातूनच ओरडले होते. "आज बांधायला घेतलंत, उद्या पोरगी गळ्यात क्रूस घालून फिरेल! एक ओळ वाचली की माणूस त्यांचा होतो, सांगून ठेवतो." तुम्ही मोरचूद घातलेली खळ ढवळत होता. वर न बघता म्हणालात, "कुणीतरी हे डोळ्यांना लावतं. आपला पाय लागला नाही म्हणजे झालं." काका तणतणत गेले. तुम्हाला काही वाटलं नाही, पण मी बारा वर्षांची होते, आणि काका बोलतील ते सगळं मला खरं वाटायचं. मी जाम घाबरले.

तुम्ही जुनी शिलाई उसवलीत, फाटक्या कडा सांधल्यात आणि सगळे फर्मे, घडीच्या पानांचे ते जुडगे, ओळीनं वाळत घातलेत, पाटावर, खाटेवर, पार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. आई पदर सावरत त्यांच्यातून वेडीवाकडी चालते आहे, अजून दिसते मला. वाटेतले दोन तिनं उचलून बाजूला ठेवले. वाळल्यावर ते गोळा करायचं काम तुम्ही मला दिलंत. "पानांचे आकडे बघून लाव," एवढंच सांगितलंत. आकडे बघायचे तर पान बघायला हवं, आणि पान बघितलं की ओळ वाचली जाणार! मी मान वळवून ओळीतले फर्मे एकावर एक रचले, आणि आईनं उचललेले ते दोन अंदाजानं मध्ये सारले. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून शिवायला बसलात.

रविवारी पुस्तक द्यायला आपण दोघं बसनं गेलो. त्यांनी तुम्हाला पुढच्या बाकावर बसवलं, शाल घातली. पाद्री नव्या बांधणीतून स्तोत्र वाचू लागले, पान उलटलं, आणि एक स्तोत्र दुसऱ्याच्याच पोटात शिरलं. लोक माना डोलावत होते. एवढ्यात मागून एक म्हातारी उठली. दुसऱ्यांच्या शेतात भात लावणारी, अक्षर ओळखत नव्हती. "अय्या, हे असं नाही," म्हणाली, आणि पुढचं सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं. पाद्रींनी पानं चाळली. तिचंच बरोबर होतं. तुम्ही शाल काढलीत, नीट घडी करून बाकावर ठेवलीत आणि हात जोडून सगळ्यांसमोर म्हणालात, "चूक माझी आहे." म्हातारी म्हणाली, "बिघडलं ते कागदात. माझ्याकडे नीट आहे. सावकाश शिवून द्या."

परतताना बसमध्ये तुम्ही एकदाच विचारलंत, "आकडे बघितले होतेस ना?" मी म्हटलं, हो. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "मग शिवताना मीच चुकलो. माझेच डोळे गेले."

तुम्ही चष्मा केलात. त्याचा काय उपयोग होणार होता? ते पुस्तक कसंबसं पुन्हा शिवून दिलंत, आणि मग मोठं काम घेणंच सोडलंत. तुमच्यासारखा हात गावात कुणाचा नव्हता, आणि तुम्ही शाळेच्या वह्या बांधत बसलात. एका शब्दानं ते थांबवता आलं असतं. माझ्या जिवाला ते लागून राहिलं आहे, अप्पा.

या आठवड्यात ते दोन्ही फर्मे मी सुटे करून वाचले, ओळ न् ओळ. काका म्हणायचे तसं काही झालं नाही, मी होते तीच आहे. पण त्यात एक माणूस देवाशी भांडतो, रुसतो, रडतो, आणि पुन्हा त्याच्याच दारात जाऊन बसतो. चिखलात दिवसभर वाकून भात लावणाऱ्या बाईला ते तोंडपाठ का असावं, ते मला आत्ता कळलं. कुणी फोटोपुरतं उचलतं, कुणी भिऊन मान वळवतं. तिनं ते रोज वापरलं.

येत्या रविवारी पुस्तक परत द्यायचं आहे. पाद्रींनी दोन शब्द बोलायला सांगितलंय. पानं उलटीसुलटी बांधणाऱ्या तंजावूरकरांची गोष्ट त्या गावात अजून सांगतात म्हणे, प्रेमानंच, पण सांगतात. या पत्राच्या पट्ट्या कापून पुस्तकाच्या पाठीखाली अस्तर म्हणून चिकटवाव्यात असं मनात आलं होतं, पण मग ती पुन्हा लपवाछपवीच झाली. ते खणात राहील. रविवारी जे बोलायचं ते तोंडानं बोलेन. पण आधी तुम्हाला सांगायला हवं.

नाही अप्पा, बघितले नव्हते. तुमचे डोळे चांगले होते.