खालचे चार सूर

बाई,

शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना तेव्हा सैल काचा होत्या. मी बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की डावीकडच्या खिडकीतली एक काच चौकटीत थरथरायची. झर्र असा बारीक आवाज, काचेच्या आणि लाकडाच्या मध्ये माशी सापडावी तसा. तुमच्या निरोपसमारंभाचं मला आधी तेच आठवतं. मग टेबलावरचा शेवंतीचा हार, तुमची मोतिया रंगाची साडी, माईकला बांधलेला रुमाल. सगळं येतं, रांगेनं येतं, आणि तुम्ही गायला तोंड उघडता तिथं चित्र चालू राहतं अन् आवाज बंद होतो. पंचेचाळीस वर्षं झाली. तुमचे ओठ हलताना दिसतात आणि खाली माझे चार सूर चालू असतात.

आठवीत तुम्ही आम्हाला कविता आधी समजावून सांगत नसत. पुस्तक मिटायला लावायच्या, स्वतः खिडकीशी उभ्या राहायच्या आणि चालीवर एक ओळ म्हणायच्या; मग आम्ही साठ पोरं ती ओळ तुमच्यामागून ओढत न्यायचो, बैलगाडी चढावर न्यावी तशी. अर्थ विचारला की म्हणायच्या, आधी तोंडात बसू दे, मग बोलू. अर्थ पुष्कळदा राहूनच जायचा, पण कविता तोंडात बसली ती बसलीच. आजही सकाळी वडाळी तलावाकडे फिरायला गेलो की मी त्या मनातल्या मनात म्हणतो. मनातल्या मनात असं मला वाटतं. बायकोचं म्हणणं आहे की लोकं वळून वळून पाहतात.

अशा मुलानं पुढं बेस गिटार हातात घ्यावी, हे तुम्हाला खटकलं असणार. तुम्ही कधी बोलला नाहीत. पाटबंधारे खात्यात कारकुनी लागली, संध्याकाळी आम्ही सहा जण एकाच्या गच्चीवर जमायचो, सिनेमाची गाणी बसवायचो, गणपतीत कुठं कुठं वाजवायचो. त्याला आम्ही ऑर्केस्ट्रा म्हणायचो. लीड गिटारवाला होता, कोंगोवाला होता, अॅकॉर्डियन होतं. बेस कोणाला नको होता म्हणून तो मला आला. विकतची परवडणं शक्यच नव्हतं. अकोल्याला जठारपेठेत एक सुतार पलंग आणि दिवाण करायचा, त्यानं मासिकातल्या फोटोवरून सागाची घडवून दिली. आमच्याकडच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं हातानं तार गुंडाळून तिचा पिकअप, म्हणजे तारांचा सूर पकडून पेटीकडे धाडणारा तुकडा, केला. सागाचा इतका जड तुकडा की तासाभरात खांद्यावर पट्ट्याचा वळ उठायचा.

बाबा तिवश्याकडच्या शेतातून महिन्याकाठी एक चक्कर मारायचे. त्यांनी ती कोपऱ्यात उभी पाहिली आणि विचारलं, "हे जू कायले आनलं घरात?" मी म्हटलं, वाद्य आहे, गाण्याचा खालचा सूर धरतं. "अन् वरचा कोन धरते?" गाणारा धरतो म्हटलं. "मंग लोकं कोनाले आयकतेत?" गाणाऱ्यालाच. बाबांनी चहा संपेपर्यंत विचार केला. मग म्हणाले, "म्हंजे तू नसला तं कोनाले समजत नाही, अन् असला तरी समजत नाही." त्यांनी काही टोमणा म्हणून ते म्हटलं नव्हतं. समजून घ्यायला म्हणाले होते. पण ते माझ्या आत कुठं तरी जाऊन बसलं, बाई, आणि पुढं जे झालं त्याचं मूळ मी शोधतो तेव्हा मला तो चहाचा कप दिसतो.

आता आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गच्चीवरच्या सहांपैकी दोघे उरलो, मी आणि कोंगोवाला; बाकी नवी मुलं, कोणी डॉक्टर, कोणी बँकेत, सगळे हौशी. गाण्यापेक्षा सामानावर बोलणं जास्त. चार तारांचा बेस चांगला की पाच, बोटांनी वाजवावा की पिकनं, जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्पची ऊब मोबाईलमध्ये येते की नाही. साग सूर गिळतो असं एकाचं ठाम मत आहे. सूर लाकडात नसतो, बोटात असतो, असं माझं. एक पोरगा मला नेहमी लिहितो, "काका, तारा बदला. तुमचा बेस नुसता ढब् ढब् येते, सूर कोणता तेच समजत नाही." मी त्याला सांगतो की नव्या तारा भांडी घासल्यासारख्या वाजतात, तार मुरावी लागते. कोंगोवाला मध्येच लिहितो की खायच्या सोड्याच्या पाण्यात उकळून घ्या, नव्यासारख्या होतात. तो सल्ला त्यानं मला गच्चीवरही दिला होता. मी त्या दुधाच्या पातेल्यात उकळल्या होत्या, आणि ते पातेलं आमच्या घरात आजही वेगळं ठेवलेलं आहे. अशा वादात आमची अख्खी दुपार जाते. मला ते आवडतं. त्या वेळात खरं काही आठवावं लागत नाही.

समारंभाच्या आदल्या रविवारी तुम्ही मला घरी बोलावलंत. स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होतात, मी समोर चटईवर, मांडीवर ते जड लाकूड. म्हणालात, निरोपाच्या दिवशी भाषण करायचं नाही, माझीच एक कविता म्हणणार आहे, चालही माझीच आहे, तू खाली साथ कर. शेंदूरजनाघाटला तुमची पहिली नोकरी होती, तिथल्या संत्र्याच्या बागेवरची ती कविता. शब्द शाळेच्या वार्षिक अंकात छापलेले आहेत, म्हणून आज माझ्याकडे आहेत. "झाड फुललं, कुणाला म्हणालं नाही," अशी पहिली ओळ. तुम्ही शेंगा सोलता सोलता ती चारही कडवी गायलात, हळू, दाणे ताटलीत पडत होते. आणि मी काय करत होतो? तुमची पट्टी काळी चार आहे की पाच ते पाहत होतो. मात्रा मोजत होतो. तुमच्या प्रत्येक ओळीखाली मला पाय ठेवायला जागा कुठं आहे, तेवढंच शोधत होतो. सा, मग खालचा ध, खालचा म, प, आणि परत सा. कागदावर तेवढं लिहून घेतलं. तुम्ही विचारलंत, पुन्हा म्हणू का? मी म्हटलं, नको बाई, बसलं.

मग तो दिवस. रेडिओवाल्याकडे पंधरा इंची स्पीकरची नवी पेटी आली होती, ती मी मागून आणली, सायकल रिक्षात घालून. स्टेजच्या कोपऱ्यात दोन भिंतींच्या बेचक्यात ठेवली. आम्हा हौशी लोकांत हे प्रत्येकाला ठाऊक असतं, कोपऱ्यात पेटी ठेवली की खालचा सूर फुकटात दुप्पट होतो. तेव्हा ठाऊक नव्हतं ते हे की पेटीच्या शेजारी उभा असलेल्याला तो निम्मासुद्धा कळत नाही. जाड आवाज वाजवणाऱ्याच्या जवळून निघून जातो आणि लांब जाऊन उघडतो. मला वाटलं, पोचत नाही. मी बटण फिरवलं. दुसऱ्या कडव्याला आणखी फिरवलं. छातीत बरगड्यांना तो सूर लागत होता, काच थरथरत होती, आणि मी डोळे मिटले होते. बाबांना आज इथं आणायला हवं होतं असं मनात आलं. तुम्ही गात होतात. एकदा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मला ती शाबासकी वाटली. हातानं कमी कर असं तुम्ही खुणावलं नाहीत. चारही कडवी म्हटलीत, नमस्कार केलात, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना ऐकू आलं नाही ते टाळ्या जरा जास्तच वाजवतात.

नंतर स्टेजच्या मागं तुम्ही हाराची दोरी सोडवत होतात. म्हणालात, "छान वाजवलंस. मी काय म्हणत होते ते तुला ऐकू आलं का रे?"

मी म्हटलं, हो बाई.

"बरं झालं. कोणाला तरी आलं."

हे वाक्य मी किती वेळा परत ऐकलंय, सांगता येणार नाही. रागाचं नव्हतंच ते. तुम्ही खरंच सुटल्यासारखं हसलात. पुढं दोन वर्षांत तुम्ही गेलात. मी त्या दिवशी अकोल्यात होतो, बेसची मान वाकली होती ती त्या सुताराकडून सरळ करून घेत होतो. दुसऱ्या दिवशी अमरावतीत उतरलो तेव्हा कळलं.

आता लिहायला काहून बसलो ते सांगतो. येत्या रविवारी तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. कोणी तरी वार्षिक अंकातलं ते पान मेळाव्याच्या ग्रुपवर टाकलं, आणि मग सुरू झालं, बाईंची ही कविता बाईंच्याच चालीवर म्हणायची. चाल कोणाला येते? कोणालाच येईना. एकानं माझं नाव घालून लिहिलं, यानं तर स्वतः साथ केली होती. मी चष्मा लावला. मग टाईप केलं, आहे माझ्याकडे. पाच मिनिटांत चाळीस जोडलेले हात आले.

आठ दिवस झाले, मी रोज दुपारी बेस मांडीवर घेऊन बसतो. चार सूर पक्के आहेत, झोपेतून उठवलं तरी वाजवीन. त्यांच्यावर तुमची ओळ ठेवून पाहतो. या चार सुरांवर काहीही बसतं, बाई, हाच घात आहे. हजार गाणी बसतात. एकेकदा वाटतं, ही, हीच, आणि लक्षात येतं की ते सिनेमातलं आहे. दोन गल्ल्या सोडून पलीकडे लग्नाचा डीजे वाजतो तेव्हा आमच्या घरात फक्त खालचा धक्का येतो. भिंत हलते, गाणं कोणतं ते कळत नाही. कूलर चालू असला की त्याच्या घरघरीत मला तुमची चौथी ओळ वळताना ऐकू येते, मी उठून कूलर बंद करतो, आणि काही नसतं. काल स्वयंपाकघरात कोणी तरी शेंगा सोलतंय असं वाटून मी दारापर्यंत गेलो. बायको वर्तमानपत्र वाचत होती.

आणि परवा मी एक चाल केली. तुमची सापडेना म्हणून माझीच. पहिल्या ओळीला वर चढते, "म्हणालं नाही" वर थांबते, मग हळूच खाली येते. वाईट नाही. तुमच्या वर्गातल्या चालींसारखं वळण तिला दिलं, मुद्दाम. बायको आतून म्हणाली, "चांगली आहे ही. इतके वर्स काहून नाही म्हनली?" रविवारी ती म्हटली तर कोणाला कळणार आहे? हॉलमध्ये होते त्यांनी ऐकलीच नव्हती, ती व्यवस्था मीच करून ठेवली होती. चाळीस लोकं मोबाईलवर भरून घेतील, नातवंडांना ऐकवतील, आणि तुमच्या नावावर ती चाल राहील. काहीच न राहण्यापेक्षा बरं, असं मी सकाळपासून स्वतःला सांगतोय. तुम्हाला विचारावं म्हणून कागद घेतला. तुम्ही म्हणाल, विचारतोस कशाला, तुझं तर ठरलेलं दिसतंय.

बेल वाजली. बायकोनं दार उघडलंय. बाईमाणसाचा आवाज आहे, वयस्क, मला ओळखीचा नाही. इथं टेबलाशी सगळं ऐकू येतं.

ती म्हणते, अकोल्याहून आले, मी बाईंची मुलगी.

बाई, आम्ही सगळे समजून होतो की तुमच्या घरचं आता इकडं कोणी नाही. ती परदेशात मुलाकडे असते असं कोणी तरी सांगितलं होतं. ती परत येऊन वर्ष झालं म्हणते. मेळाव्याचं कोणी कळवलं, चाल इथं आहे असंही कळवलं, रविवारपर्यंत तिला धीर धरवला नाही. आता ती खुर्चीत बसली असावी. सांगते आहे, "त्या दिवशी बस उशिरा पोचली, मी अगदी मागं उभी होते. मला आईचा एक शब्द ऐकू आला नाही. घरी तिला म्हटलं, आता म्हण, तर म्हणाली, एकदा म्हणून झालं. मग कधीच म्हटली नाही."

आणि माझी बायको, तिला काय ठाऊक, पाण्याचा पेला देत म्हणते, "बसा ना ताई. ह्यायले पुरी पाठ हाये. आठ दिवसांपासून तेच गाऊन राहिले. आता आयकवतीन तुमाले."

मला हाक मारतायत. हे कुठं पाठवायचं नव्हतंच, घडी करून ठेवतो. बाहेर जाऊन तिला खरं सांगीन, आणि खालचे चार सूर तेवढे तुमच्या गाण्याचे आहेत, ते वाजवीन. स्पीकरची वायर लावणार नाही. बिनवायरीचा बेस इतका हळू असतो की तिला खुर्ची ओढून माझ्याजवळ बसावं लागेल. मी केलेली ती चाल म्हणणार नाही, बाई. पण तुम्हाला सांगतो, ती मला आवडायला लागली होती.