मफलर आणि रेश्माचं ब्लाऊज

५ डिसें., शुक्र.
बीडला जाऊन आलो. डॉ. बाई म्हणाल्या, अर्धांगाचा झटका सौम्य होता, उजवा हात पुन्हा चालेल, पण त्याला कामाला लावा. मशीन नको, कात्री तर नकोच. लोकर आणि सुया घ्या, साधा मफलर विणा. साऱ्या चौसाळ्याचे ब्लाऊज शिवणारी मी, आता पोरखेळ करायचा. आकाशी लोकर घेतली. पिशवी यांनीच धरली. डाव्या हातानं लिहितेय, नुसते कोंबडीचे पाय.

८ डिसें.
शेजारच्या शोभाताईंनी सुईवर टाके घालून दिले. एका ओळीत सकाळ गेली. शिवणाऱ्या हाताची खोड, प्रत्येक टाका ओढून आवळायचा. पुढच्या ओळीला सुईच आत शिरेना. शोभाताई, "अवो, हे काय काजं-बटन हाय का? ढिलं सोडा की." ढिलं सोडणं मला येतच नाही. उसवलं. परत तेच.

११ डिसें.
पाटलांची सून कापड परत घेऊन गेली. "बऱ्या व्हा, मग देऊ." मग कोण देतंय! सुई भिंतीवर फेकली. यांनी उचलून दिली. दुपारच्या गोळीनं मेल्यासारखी झोपले.

१४ डिसें., रवि.
झोपून उठल्यावर विणकाम पाहिलं. सकाळी वाटलं तेवढं घट्ट नाही. कालचंही असंच. ओळी एकसारख्या, सैल. हात सुटतोय. लई दिवसांनी पोटभर जेवले.

१६ डिसें.
शोभाताईंची लेक रेश्मा आली. मफलर बघून, "मावशी, लग्नाचं ब्लाऊज तुमीच शिवायचं." हो म्हटलं. पीस नेमका ब्लाऊजपुरता, कापताना चुकलं तर संपलं.
हे म्हणाले, "कशाला हो म्हनलीस? जरा थांबायचं न्हाई का?"
वाट्टेल ते बोलले मी. हे न जेवता ढाब्यावर कामाला गेले.

१८ डिसें.
मफलरवर तर्रीचा डाग. घरी तर वरणभात होता. हे मांजरसुंब्याला ढाब्यावर आचारी, संध्याकाळची पाळी. विचारलं. आधी न्हाई न्हाई. मग,
"तू झोपली की तुझ्या ओळी उसवून परत विनायचो. मोबाईलवर बघून शिकलो. तू सुई फेकलीस, मला बघवलं न्हाई."
म्हणजे सैल हात यांचा. माझा तसाच घट्ट. इतका राग आला, आणि यांची मायाही तेवढीच वाटली.
सगळं उसवून टाकलं.

१९ डिसें.
टाके माझे मी घातले. घट्टच आले.
कापड परत द्यायला निघाले, तर रेश्माच दारात, माप द्यायला. मफलर माझ्या हातचा नव्हता, हे सांगायचं होतं. नाही सांगितलं. टेप बोटांतून निसटला, तिनं उचलून हातात दिला.
कापड टेबलावर पसरलंय. डाव्या हातानं खडूच्या रेघा मारल्या. हे ढाब्यावर गेलेच नाहीत. म्हणाले, "मी कायबी करनार न्हाई. नुस्तं कापड धरतो."
उजव्या हाताची बोटं कात्रीत घालून बघते.