स्टेअरिंगच्या अंगात येतं

सुप्याचा मळा,
पाचवी माळ

ती. आईस,
स्नेहलचा पायावर डोकं ठिवून सा. न. वि. वि.

आई, मला झोप न्हाई. उपासानं म्हनशील तर तसं न्हाई, साबुदाना खाऊन उलट डोळं मिटायला पायजेत. एका बोल्टापायी झोप उडालीया. बोल्ट माझ्या अंगठ्याएवढा हाय आन् आमच्या जीपच्या पोटात हाय.

हे पत्र शेजारची जया तुला वाचून दावंल. तुझ्या कानापायी ती वरडून वाचती आन् सगळी आळी भिंतीला टेकून ऐकती, ते मला ठावं हाय. ह्यांच्या घोरन्याचं मी मागं लिहिलं हुतं, ते तुमच्याकडचा पावना इथं येऊन ह्यांनाच सांगून गेला. सांगू दे. आता लाजायला टाइम न्हाई.

ह्यांनी ती बिनटपाची जीप घेतली तवाच मी म्हनले हुते की चांगला रस्ता सोडून दगडावर चढायची शर्यत खेळायची तर बकरी घ्या, स्वस्त पडंल. त्या जीपचं स्टेअरिंग असं जड की वळवायचं म्हंजी दोन हात आन् वर दात खायचे. एकदा चाक दगडाला थडकलं, स्टेअरिंग गर्रकन फिरलं आन् ह्यांचा अंगठा भोपळ्यावानी सुजला. म्हनून ह्यांनी भंगारातनं मोठ्या गाडीचं पावर स्टेअरिंग आनलं. त्यात तेलाच्या जोरानं चाक वळतं, मानसाला जोर लागत न्हाई. राखीला सुनील आला तवा म्हनला हुता की दाजी, हे घरी बसवायचं काम न्हाई, चाकनला आना, मी करून देतो. झालं. तू पगारी मेस्त्री, मी मालक, असं हे बोलले. तो म्हनला मग जीप जिलबीवानी चालंल. ह्यांनी त्याचा नंबर मोबाईलमधनं पुसून टाकला आन् तो जेवायचा पन थांबला न्हाई.

मग गोठा रिकामा केला. गाई बाहीर, जीप आत. माझा मोबाईल जीपखाली ठिवून त्यात व्हिडिओ बघून काम चाललं. मोबाईल तेलाच्या घमेल्यात पडला. त्यातला मानूस तेलातनं पन वाईच बोलत हुता, मग बुडाला. सुनीलचा नंबर त्याच्यासंगं गेला, आन् ह्यांचा मोबाईल ह्यांच्या खिशातनं हालत न्हाई.

पहिल्यांदा जीप चालू केली आन् स्टेअरिंग आपल्या आपन फिरायला लागलं. हात लावायच्या आत गर्रकन् एकीकडं. हे धरायला गेले तर ह्यांनाच फिरवलं. जीप उकिरड्यावर चढून बसली. आत्याबाई घटाम्होरनं उठून आल्या, बघितलं, आन् लेकाच्या जीपला हळद-कुंकू लावलं. म्हनल्या, अंगात आलंय, काय मागतीया विचारा. मागत काय नव्हती, तेलाचे दोन पाइप उलटे लावले हुते.

पाइप बदलाय ह्यांनी परत सगळं खोललं. स्टेअरिंगची दांडी जिथं खालच्या डब्यात जाती तिथं तो बोल्ट हाय. तो दांडीला धरून ठिवतो. मी बॅटरी धरून खाली निजले हुते, म्हनून डोळ्यानं बघितलं. ह्यांनी तो नुसता बोटानं फिरवून बसवला आन् म्हनले, पाइप झाले की पान्यानं आवळतो. पाइप बसले आन् तेवढ्यात आत्याबाईंनी सगळे पाने, पकडी, हातोडा गोळा करून नेले. राखेनं घासले आन् घटाम्होरं पाटावर मांडले. दर साली खंडेनवमीला मांडत्यात, औंदा अंगात आल्याच्या भ्यानं आधीच मांडले. आन् पूजलेलं हत्यार दसऱ्यापतुर उचलायचं न्हाई.

जीप आता एका बोटानं वळती. समदे खूश. मी म्हनते बोल्ट आवळला न्हाई, हे म्हनत्यात आवळला. आई, न्हाई आवळला. दसऱ्याला आमच्या लेकीला, इसूला मांडीवर घिऊन ओढ्याच्या उतारानं सोनं आनाय जानार हायेत. तिथं स्टेअरिंग सुटलं तर जीप थेट ओढ्यात.

सुनीलचा नंबर तुझ्या दाराशेजारी भिंतीवर लिहिलाय. त्याला सांगावा धाड. सहादेवभाऊंच्या पेंडीच्या टेम्पोतनं उत्तर दे. भाऊ ह्यांचे जोडीदार, पोटात काय ऱ्हात न्हाई, म्हनून पाकीट भाताच्या शितानं चिकटवलंय.

तुझी माया पातळ हुऊ दिऊ नको.
तुझी,
स्नेहल

राहुरी,
सहावी माळ

चि. सौ. स्नेहलला आई रतनबाईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. आळीत सगळ्यांला आवडलं. जीपच्या अंगात आलेलं दोनदा वाचाय लावलं. (तीनदा. माझा घसा बसलाय. जया.)

पोरी, नवरा आवळला म्हनतो तर आवळला म्हनावं. तुझ्या वडलांनी सायकलचं हँडल घरी बसवलं हुतं. मी मागं बसले हुते. कालव्याच्या वळनावर हँडल निघून त्यांच्या हातात आलं, ते हँडल धरून सरळ बसलेले आन् सायकल पान्यात. मेलो का? न्हाई. उलट तुझा जनम त्याच्या नंतरचा. (हे सांगताना मावशी खूप हसल्या. पण त्या वळणावर त्या आजही रिक्षातून उतरून चालत जातात, हे मी माझ्या मनानं लिहिते.)

सुनीलला मी फोन करनार न्हाई. मेव्हना-दाजी दोगं बोकडावानी हायेत, मधी शिंगं घालायची न्हाईत. दोन घास उपासाचे जादा खा, भ्या जाईल. आत्याबाईंला नमस्कार सांग. पाने लवकर मांडले ते चांगलं केलं म्हनावं, न्हाईतर जावईबापूंनी गोठा पन खोलला असता.

इसूचा मुका घे. आमची आठवन भाकरीगत रोज येऊ दे.
तुझी आई
(लिहिणार जया)

सुप्याचा मळा,
सातवी माळ

ती. मामींस,
गोरक्षचा सा. न. वि. वि.

स्नेहलनं तुमाला काय लिहिलंय ते मी वाचलं न्हाई, पन सहादेवनं तुमच्या आळीत ऐकलं आन् मला सांगितलं. आता माझं ऐका.

पावर स्टेअरिंग म्या सोताच्या हातानं बसवलंय. आधी दोन हात लागायचे, आता करंगळी बास. काल एका हातात चहा घिऊन गोठ्याभवती चक्कर मारली, बशीत सांडला न्हाई. तुमची लेक बोल्टाचं भूत बघती. ती इसूला पाळन्यात घातलं तवा पाळन्याची दोरी पन तपासायची.

दसऱ्याला सोनं लुटून झालं की मी तुमाला न्याय येतो. आमी तिघं येतो, तुमाला पुढं बसवतो, नगरच्या रस्त्यानं आनतो. चार दिस ऱ्हायचं. आळीतनं निघताना हळू चालवीन, म्हंजी लोकांला बघता येईल. सुनीलभाऊला आमी काय बोलत न्हाई. पन तो सनाला आला असंल तर म्हनावं, दारात उभा ऱ्हा आन् जिलबी कशी चालती ते बघ.

जावयावर लोभ जादाच ठेवा, कमी पडला तर मागून घेईन.
आपला,
गोरक्ष

राहुरी,
आठवी माळ

चि. सौ. स्नेहल व जावईबापूंला अ. उ. आ.

जावईबापू सोता न्याय येनार हे ऐकून डोळ्यात पानी आलं. ह्या घराम्होरं माझ्यासाठी कदी गाडी थांबली न्हाई, अँब्युलन्स सोडून. हिरवं लुगडं काढून ठिवलंय. आळीतल्या बाया म्हनत्यात आमाला पन कोपऱ्यापतुर बसवा. मी हो म्हनले.

स्नेहल, आता बोल्टाचं नाव काढू नको. जावयाच्या मनाला लागंल. बापय मानसानं एवढं हौसेनं काय केलं तर बाईनं हा छान म्हनावं, मग गपचूप देवाला नारळ बोलावा.

तुमची वाट बगत दारात बसनारी,
आई

(स्नेहल, मावशी शेजारी लुगडं दाखवायला गेल्यात. मला तुझा तो बोल्ट स्वप्नात दिसतो. मी त्यात बसणार नाही आणि मावशींना बसू देणं मला बरं वाटत नाही. काय असेल ते लिही. जया.)

सुप्याचा मळा,
नववी माळ, खंडेनवमी

ती. आईस,
स्नेहलचा सा. न. वि. वि.

इकडं समदे खुशाल. घट लई भारी उगवलाय, गहू हातभर झालेत. आत्याबाई म्हनत्यात औंदा पीक चांगलं. इसू आरतीला टाळ्या वाजवती, देवीपरीस ह्यांच्या मोबाईलला जास्त वाजवती. तुझं हिरवं लुगडं चांगलं दिसंल. जया, एवढं वाचून झालं की आईला म्हनावं संपलं.

इथनं म्होरं मोठ्यानं वाचू नका. मनात वाचा. जया नसंल आन् दुसरं कोनी वाचत असंल तर तुमाला पन हेच सांगनं हाय. माझ्या आईचा, माझ्या पोरीचा जीव हाय त्यात.

काल हे सहादेवभाऊंबर चहाला गेले तवा मी जीपखाली शिरले. म्हनलं एकदा हात लावून बघावं, आवळलेला असंल तर माझंच डोकं फिरलंय म्हनून गप निजावं. हात लावला आन् बोल्ट फिरला. जोर न्हाई, काय न्हाई, बांगडी काढावी तसा निघून तळहातावर आला. मग दांडी वर ढकलली तर ती डब्यातनं सुटली. मी तिथंच पडून ऱ्हायले. वर इसू जीपमधी बसून स्टेअरिंग गरागरा फिरवत हुती आन् हसत हुती. चाकं जाग्याला.

आता ह्यांना जाऊन सांगितलं तर काय हुईल ते मला ठावं हाय. म्हनतील, तू हात लावला म्हनून निघाला. आन् परत बोटानं बसवून मोकळे हुतील, कारन पाना उचलायचा न्हाई. आत्याबाई पाटाजवळनं हालत न्हाईत. शेजारी मागावा तर आज खंडेनवमी, समद्या गावातले पाने हार घालून बसलेत. विळा पन कोन देत न्हाई.

म्हनून घटाला पानी घालायच्या निमतानं मी बोल्ट घटात पुरला. गव्हाच्या मुळात, खोल. जीपची चावी पन पुरली. देवी रागावली तर रागावंल, तिला पन लेकरं हायेत. घटाला उद्यापतुर कोन हात लावत न्हाई, एवढी बळकट तिजोरी दुसऱ्या कुनाच्या घरात नसंल.

हे चावी हुडकत्यात. इसूनं टाकली म्हनून तिला विचारत्यात, ती जिथं बोट दावंल तिथं उकरत्यात. सकाळी जीपमधी बसून स्टेअरिंग फिरवलं आन् सहादेवभाऊंला अभिमानानं सांगितलं की आता तर आनखी हलकं झालंय, करंगळी पन नको, नुसती फुंकर मारा. माझ्या अंगावर काटा आला आन् हसू पन आलं, दोन्ही एकदम. पन आताच म्हनाले की चावी नाय घावली तर उद्या वायरी जोडून चालू करतो. हे वायरी जोडू शकत्यात. तेवढं त्यांना खरंच येतं. आन् उद्या सकाळी आत्याबाई घट हालवनार, माती झाडनार, चावी त्यांच्या वटीत पडनार.

म्या ठरवलंय, कोनी आलं न्हाई तर मी इसूला घिऊन जीपच्या म्होरं आडवी निजनार. मग गाव काय म्हनायचं ते म्हनंल. पन तशी येळ येऊ नये.

आई म्हनंल बोकडं बोकडं. तिचं ऐकू नका. तिला कालव्याचं वळन आठवून द्या.

सुनीलला सांगा, आज रातच्या गाडीनं निघ आन् उजाडायला ये. त्याच्या कामावर पन पूजा असंल, तर पूजेच्या आधीच दोन पाने खिशात घाल म्हनावं. न पूजलेला पाना पायजे. सांगा की सोनं द्याय आलो म्हनून ये. दाजीच्या पाया पड. जीप बघून छान म्हन, मग म्हन दाजी, एक डाव खाली बघू का. बोल्ट सुटलेला दिसला की हसायचं न्हाई, एवढी शपथ घाला त्याला. हसला तर माझे हे परत सोताच बसवतील. नवीन बोल्ट आन म्हनावं, घटातला आता देवीचा झाला.

आईच्या दाराशेजारी भिंतीवर कोळशानं दोन नंबर लिहिलेत. खालचा गॅसवाल्याचा हाय. वरचा, ज्याच्यावर हळदीचं बोट हाय, तो माझ्या भावाचा. तुमी जे कोनी हे वाचताय, हात जोडते, कागद खाली ठिवा आन् माझ्या भावाला फोन करा.