बिनकाट्याचा मासा

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
६ नोव्हेंबर १९८९

चि. सौ. द्रौपदीस,
सरस्वतीआक्काचा सप्रेम जयभीम. वि. वि.

बाई गं, तुझा नवरा माझ्या दारात येऊन बसलाय. सकाळी कडी वाजली, बघते तर किसन, हातात रेक्झिनची बॅग. मला वाटलं, भावाला बहिणीची आठवण झाली. बॅग उघडली तर दाढीचं सामान आणि दोन पायजमे. पायजमे घेऊन कोणी आठवण काढायला येतं का?

विचारलं तर म्हणतो, द्रौपदीच्या मनातलं खरं ते कळलं. कुठे कळलं, तर म्हणे थेटरात. मी कपाळावर हात मारून घेतला. पिक्चर बघायला जोडीनं गेलात आणि घर मोडून आलात की काय?

त्याच्या अंबरनाथच्या कंपनीला टाळं लागलं, तू जीन्स शिवायला जायला लागलीस, तेव्हापासून तुम्ही दोघं एकमेकांशी नाही, भिंतीशी बोलता हे मला ठाऊक आहे. चहा झालाय हे तू भिंतीला सांगायचं आणि साखर कमी आहे हे त्यानं भिंतीला सांगायचं. मी हसण्यावारी नेलं. पण बॅग भरून निघणं हसण्यासारखं नाही. जाण्यासारखं काय झालं ते मला नीट लिही.

मीच आले असते, पण सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. आणि तू यायची नाहीस, तुझं नाक मला माहीत आहे. म्हणून ह्यांच्या डब्याच्या पिशवीत पत्र घालतेय. हे तसेही रोज उल्हासनगरला, तुमच्याच कॅम्प चारला कामाला येतात आणि तोंड उघडत नाहीत, तेव्हा गोष्ट फुटायची भीती नाही.

तुझा राग माझ्यावर नसावा, एवढंच.

तुझी,
सरस्वतीआक्का

●

उल्हासनगर, कॅम्प ४
८ नोव्हेंबर १९८९

ती. सरस्वतीआक्का यांस,
द्रौपदीचा जयभीम. वि. वि.

बबनभाऊजींनी पत्र हातात दिलं, मान हलवली आणि गेले. असा नवरा तुम्हाला मिळाला, नशीब काढलंत.

आक्का, झालं ते असं. मोठी ऑर्डर गेली म्हणून सेठनं सगळ्यांना पिक्चरचे पास वाटले. माझ्या वाट्याला दोन आले. मी भिंतीला सांगितलं, रविवारी जायचं का. भिंत हो म्हणाली. मला किती बरं वाटलं काय सांगू. ठेवणीतली निळी साडी काढली.

पिक्चर नवराबायकोचाच. दोघं एकमेकांच्या मरणावर टपलेले. तो तिच्यासाठी जिन्याला तेल लावून ठेवतो आणि स्वतःच घसरून पडतो. थेटर नुसतं लोळत होतं. बाजूला बसलेली सिंधी माई हसता हसता मला चापट्या मारत होती. हे मात्र मयताला आल्यासारखे बसलेले.

मग ती बाई माशाच्या रश्शात उंदराचं औषध कालवते. ताट वाढते. आणि ताट बाहेर न्यायच्या आधी खाली बसकण मारून तुकड्यातले काटे काढायला लागते. चिमटीत धरून, एकेक. तिथे मला जे हसू फुटलं ते आवरेचना. डोळ्यातून पाणी आलं. ह्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा तोंडाकडे बघितलं हो, पण ते बघणं मला अजून टोचतंय.

घरी आल्यावर भिंतीला म्हणाले, बसून खाणारा नवरा मेला तर कोणाला हसू येणार नाही. सकाळी मी कामावर गेले, परत आले तर खुंटी रिकामी.

मी का हसले ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. आता मी कशाला पाया पडून सांगू? मीही माणूस आहे.

खोकल्याचं औषध घेतात का तेवढं बघा. मी विचारलं असं मात्र सांगू नका.

लहान भावजयीवर माया ठेवा.

आपली,
द्रौपदी

●

शिरगाव
१३ नोव्हेंबर १९८९

चि. सौ. द्रौपदीस,
सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

औषध घेतो. मी समोर उभी राहते, नाहीतर कुंडीत ओतेल.

आता ऐक. गुरुवारी विठा कोळीण दारावर नदीचे मासे घेऊन आली. किसनला आवडतात म्हणून घेतले. पहिल्या घासालाच ह्याच्या घशात काटा. डोळे पांढरे केले. भाताचे गोळे गिळवले, केळं चारलं, तेव्हा कुठे खाली गेला. आणि जीव ठिकाणावर आल्यावर हे ध्यान मला काय म्हणतं माहितेय? म्हणे, आक्का, तू फसलीस. द्रौपदी कॅम्प चारच्या बाजारातून बिनकाट्याचा मासा आणते, तसला आणत जा. कुठल्या कोळिणीकडून आणते ते तिला विचार.

लहानपणी एकदा असाच काटा अडकला, तेव्हापासून आई ह्याला काटे काढून द्यायची. आई गेली, तू आलीस. अगं, अकरा वर्षं तू आत बसून काटे काढतेस आणि ह्याला वाटतं मासाच तसा असतो! त्याला एवढंच म्हटलं, विचारते पत्रात.

मग काल वरच्या मजल्यावर कौसाबाईच्या नातवाचं बारसं होतं. तिच्या जावयानं व्हिडिओ आणला आणि नेमकी त्याच पिक्चरची कॅसेट लावली. पुढे आम्ही बायका सतरंजीवर, मागे पुरुष खुर्च्यांवर. किसन उठून चालला होता, मी दंड धरून बसवला.

तो जिन्यावरून पडला तेव्हा पुरुष हसले. विष कालवलं तेव्हा सगळेच गप्प. आणि ती बाई काटे काढायला बसली तशी सतरंजीवर हसू फुटलं बघ! कौसाबाईच्या हातातलं बाळ रडायला लागलं तरी तिचं हसणं थांबेना. म्हणते, मेली मारायला निघालीय आणि त्याला टोचू नये म्हणून जपतेय. मागून ह्यांनी, तुझ्या मुक्या भाऊजींनी, विचारलं की ह्यात हसण्यासारखं काय आहे? एकही पुरुष हसला नव्हता. आम्ही आणखीच हसलो.

मी वळून पाहिलं तर किसन पडद्याकडे बघत नव्हता. बायकांकडे बघत होता, एकेकीच्या तोंडाकडे. रात्री जेवला नाही. मला एकच विचारलं, आक्का, बिनकाट्याचा मासा असतो का गं? मी म्हटलं, आपल्या नदीत तरी मी ऐकला नाही बाबा. तसा उठून ओट्यावर जाऊन बसला.

सांग, पाठवू का त्याला हाताला धरून?

उत्तराची वाट बघणारी,
सरस्वतीआक्का

●

उल्हासनगर, कॅम्प ४
१५ नोव्हेंबर १९८९

ती. आक्कांस,
जयभीम. वि. वि.

हाताला धरून पाठवू नका. हाताला धरून आणलेलं माणूस परत जातं.

खरं सांगू? तुमचं पत्र मशीनवर बसून वाचलं आणि सुई बोटात गेली. मी हसले ती त्या बाईला नाही, मला हसले. वर्षभर ह्यांच्यावर इतकी चिडलेली, पण मासे केले की बसतेच काटे काढायला. शिव्या देते आणि काढते. पडद्यावर ती बघितली आणि वाटलं, ही तर मीच!

मी कामाला गेले ती ह्यांना कमी लेखायला नाही. दुसरी नोकरी मिळेस्तोवर त्यांना कुणाच्या दारात ताटकळावं लागू नये म्हणून गेले. पण ते तोंडानं कधी सांगितलं नाही, ते माझं चुकलं. घर खायला उठलंय आक्का. काल भिंतीला सांगितलं चहा झालाय, आणि मग लक्षात आलं.

हे सगळं त्यांना सांगितलंत तरी चालेल. पण यायचं ते त्यांच्या पायांनी.

तुमची,
द्रौपदी

ता. क. मासे करू नका ते असेपर्यंत. केलेत तर तुम्ही बसा काढायला.

●

शिरगाव
१७ नोव्हेंबर १९८९

सौ. द्रौपदीस,
किसनचा जयभीम. वि. वि.

लग्नाआधी एक पत्र लिहिलं होतं, त्यानंतर हेच. अक्षर बिघडलंय, सांभाळून घे.

आक्कानं तुझं पत्र वाचायला दिलं. काय लिहावं कळेना, म्हणून सकाळी उठून विठाकडून मासे आणले. रस्सा आक्कानं केलाय, खोटं कशाला सांगू. काटे मी काढलेत. मी फिटर माणूस, केसाएवढी फट हाताला कळते म्हणून कंपनीत माझं नाव होतं. पण हे काम त्याहून कठीण निघालं. काटा काढताना मासा तुटतो, मासा सांभाळला तर काटा राहतो. भाऊजी ऑफिसला निघून उभे, मी अजून अर्ध्यावर. पाठ आखडली. आणि तू हे माझ्यावर चिडून, शिवणकाम करून आल्यावर करत होतीस.

मला वाटायचं, बिनपगारी माणूस घरात तुला जड झाला. थेटरात तू हसलीस तेव्हा खात्रीच पटली. विचारायला हवं होतं. विचारायची भीती वाटली, तू हो म्हणालीस तर?

डबा भाऊजींबरोबर पाठवतोय. दुपारी सगळ्यांसमोर उघड नाहीतर एकटी खा. मीठ चाखून बघितलंय. दुसरं काही कालवलेलं नाही. एखादा काटा राहिला असेल, तेव्हा सावकाश खा.

रविवारी आलो तर चालेल का, ते भिंतीला न सांगता मला सांग.

तुझा,
किसन

●

कॅम्प ४, त्याच दिवशी दुपारी

किसनरावांस,
जयभीम. वि. वि.

डबा धुऊन पाठवतेय. सगळ्या बायकांनी एकेक घास घेतला, मला थोडाच उरला. काटे पुष्कळ निघाले. मी बाजूला काढून खाल्लं, इतका गोड मासा आजवर खाल्ला नाही.

रविवार कशाला? आजच या. येताना मासे आणा. तुम्ही काढायला बसा, मी शेजारी बसून शिकवते.

द्रौपदी