वाळवी नव्हे, बुरशी

३ मार्च
आले एकदाची! धाकट्या भावाचं घर छान निघालं. लाकडी जमीन, मोठ्या खिडक्या, मला स्वतंत्र खोली. तो मात्र काडी झालाय. जन्मभर किडे तपासले, स्वतःचं ताट कधी तपासलं नाही. महिनाअखेर त्याला माझ्याकडे नेणार, असं सांगून टाकलं. ताई, आधी चहा तरी पी, म्हणाला. कोपऱ्यात कुबट वास आहे. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी गुडघे टेकून जमीन घासायला शिकवलंय. उद्यापासून बादली!

६ मार्च
घासून घासून कंबर मोडली, वास वाढलाच. आज धाकट्याने खिडकीच्या चौकटीत पेन्सिल टेकवली. रंग शाबूत, पेन्सिल सरळ आत. वाळवी नव्हे, बुरशी. तुझ्या पाण्यावर पोसली, म्हणाला. मग आधी का नाही बोलला, शहाणा? मी संतापले, तर जेवता जेवता तुलना सुरू! त्याची ती मुंगीएवढी गांधीलमाशी अळीच्या पोटात अंडी घालते. पिल्लं अळीला आतून खातात, पण काळीज शेवटी. उरलेल्या जिवाने अळी त्यांचीच राखण करते. बुरशी बरी, फक्त मेलेलं लाकूड खाते. मी ताट बाजूला सारलं.

९ मार्च
सुतार येऊन गेला. जमीन उखडावी लागेल, आणि साहेबांना डॉक्टर दाखवा, म्हणाला. धाकट्याने त्याला अक्षरशः हाकलून दिलं. ज्याने कधी मुंगीलाही दम दिला नाही, तो!

१३ मार्च
महिनाअखेर कशाला, आजच बॅग भरली. चल, म्हणून दंडाला धरून उठवलं. माझं बोट आत गेलं. कातडी शाबूत. रक्त नाही. भुसा.
दुखत नाही गं, म्हणाला.

१४ मार्च
फक्त मेलेलं लाकूड, म्हणे. गाढव.
त्याला पाठुंगळी घेतलं. उशीएवढाच वजनाला. दारापर्यंत गेले — जमीन कोरडी दिसली. तशी कशी सोडणार? त्याला खाली ठेवून बादली भरली.

१५ मार्च
वास कुबट नाही आता. गोड आहे.
बोटाला काहीतरी — जाऊ दे. दुखत नाही.

१७ मार्च
सुतार डॉक्टरला घेऊन आलाय. दार ठोकताहेत मेले. धाकटा रडतोय. ताई, दार उघड, मला ने, म्हणतो. आत्ता सुचलं याला!
कडी घातली. दाराला पाठ लावून बसले आहे. कोणी आत पाऊल तर टाकून बघा. इतकी निगा राखली मी — जमीन ओली आहे अजून — चिखलाचे पाय घेऊन —
कडी हलतेय. लाकूडच मऊ —