बंदूक माझी, दुर्बीण सिरिलची

मी, हेस्टर ब्रेथवेट, कै. एडगर ब्रेथवेट यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार ऑल्डनबेक, वेस्टमोरलंड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहून ठेवीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकणारा एकमेव माणूस दोन वर्षांपूर्वी वारला. डोके ठिकाणावर आहे. कान थोडे गेले आहेत, पण आमच्या रायफल क्लबात ते सगळ्यांचेच जातात. यापूर्वी मी केलेले एखादे मृत्युपत्र कोठे सापडल्यास ते रद्द समजावे.

कलम पहिले. माझे राहते घर, परसबाग आणि मागची कोळशाची खोली माझी भाची ब्रेंडा, राहणार कार्लाइल, हिला मिळावी. स्वयंपाकघरातली लोखंडी चूल तिने उखडू नये. एडगरने जमवलेल्या वस्तूंना ती ‘भंगार’ म्हणते हे मी विसरलेले नाही, म्हणून त्यातली एकही तिच्या गळ्यात मारत नाही.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक निम्मी ब्रेंडाला आणि निम्मी गावच्या चर्चच्या छपराला द्यावी. छप्पर माझ्या लग्नाच्या दिवशीही गळत होते. वधूच्या डोक्यावर पाणी पडणे शुभ असते असे तेव्हाच्या पाद्रीबुवांनी तिथल्या तिथे ठरवून टाकले. त्यानंतर मी चाळीस वर्षे शुभच भोगले.

कलम तिसरे. माझी इस्त्री आणि रश्श्याचा पांढरा चंबू शेजारीण आयव्ही डॉसन हिला द्यावा. आयव्हीने दोन्ही आधी नीट धुऊन घ्यावे. रायफलच्या लाकडी दस्त्याला खोच पडली की त्यावर ओले फडके ठेवून इस्त्री टेकवायची, म्हणजे दबलेले लाकूड फुगून वर येते. घासायचे मात्र नाही, कारण लाकडाबरोबर त्यावर ठोकलेले आकडेही जातात. हे ज्ञान मला एडगरने माझ्याच इस्त्रीवर दिले. चंबूत दस्त्याला चोळायचे जवसाचे तेल असायचे. नाताळच्या जेवणाला एकदा ते टर्कीवर गेले, आणि एडगरला दुःख झाले ते तेल वाया गेल्याचे.

कलम चौथे. आता रायफल.

ही दुसऱ्या महायुद्धातली आपल्या सैन्याची स्नायपर रायफल आहे. कारखान्यात अशा प्रत्येक रायफलीची नेम धरायच्या एका नळीच्या दुर्बिणीशी जोडी लावत आणि त्या दुर्बिणीचा नंबर रायफलीच्या दस्त्यावर ठोकत. पुढे सैन्याने जुने सामान विकायला काढले तेव्हा रायफल एकीकडे गेली, दुर्बीण दुसरीकडे. एडगरने ती आणली तेव्हा तिला पट्टा नव्हता, नेम धरताना गाल टेकवायचा लाकडी तुकडा नव्हता, आणि काही स्क्रू तर कोणीतरी सायकलचे बसवले होते. नवीन भाग चालणार नव्हता. प्रत्येक वस्तू त्याच काळातली, त्याच बनावटीची हवी. त्यापायी आमची ब्लॅकपूलची सहल तीनदा रद्द झाली. गालाचा तुकडा अखेर ॲपलबीजवळच्या एका शेतकऱ्याच्या दाराखाली पाचर म्हणून सापडला. एडगरने त्याला बदल्यात नवी पाचर करून दिली आणि परतीच्या वाटेवर तो चक्क गात होता. शेवटी फक्त दुर्बीण उरली.

ती सिरिल फॉसेटच्या गळ्यात होती.

सिरिल हा एडगरचा बालमित्र. केंडलमधल्या एका वकिलाच्या कचेरीत जन्मभर कारकुनी केली, लग्न केले नाही. तरुणपणी सैन्याच्या जुन्या मालातून घेतलेली दुर्बीण घेऊन तो टिटव्या पाहत हिंडायचा. क्लबच्या एका सहलीत एडगरने ती सहज हातात घेतली, उलटीपालटी केली आणि अंड्याचे सँडविच गवतात ठेवून दिले.

“सिरिल, ही माझी आहे.”

“तुझी? अरे, तुझं लग्न व्हायच्या आधीपासून माझ्याकडे आहे ही!”

“नंबर बघ. माझ्या दस्त्यावर हाच आहे.”

“अस्सं? मग तुझी बंदूकच माझी झाली की. उद्या आणून दे.”

झाले. त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. क्लबात एकाच बाकावर बसायचे आणि मला मध्ये बसवून म्हणायचे, “त्याला म्हणावं, मीठ सरकव.” दोघेही दुसऱ्याच्या मरणाची सभ्यपणे वाट पाहत होते. एडगर हरला. इस्पितळात त्याने माझा हात धरला, मला वाटले आता काहीतरी गोड बोलणार. तो म्हणाला, “काहीही कर, पण सिरिलला देऊ नकोस.” मी ‘बरं’ म्हटले. नर्स नाडी पाहत होती, वाद घालायची ती वेळ नव्हती.

अंत्यविधीनंतरच्या पहिल्याच रविवारी सिरिल केक घेऊन दारात उभा. आत आला आणि त्याची नजर आधी जिन्याखालच्या पोलादी कपाटाकडे गेली. रायफल तिथे असते; परवाना मी माझ्या नावावर करून घेतला आहे आणि क्लबात नेमही सिरिलपेक्षा बरा मारते. तेव्हापासून तो दर रविवारी येतो. त्याने पन्हळ दुरुस्त केली, वाटाणे लावले, पण रायफल दाखव असे एकदाही म्हटले नाही. हा सज्जनपणा की धूर्तपणा, मला ठरवता येईना.

आयव्हीने केव्हाच ठरवले आहे. “अगं बाई, त्याचा डोळा कपाटावर आहे, तुझ्यावर नाही. या वयात तुझ्यावर कोण डोळा ठेवणार?” आयव्ही माझी जिवाभावाची मैत्रीण आहे.

गेल्या महिन्यात वाटाणे तोडता तोडता सिरिल म्हणाला, “हेस्टर, आपण दोघांनी एकाच घरात चहा केला तर कोळसा वाचेल.”

मी म्हटले, “विचार करते.” आत जाऊन बटाटे चढवले आणि त्यांचा पार लगदा होईपर्यंत तशीच उभी राहिले. स्पष्टच लिहिते: मला त्याची सवय झाली आहे. शनिवारपासून मी रविवारची वाट पाहते. एकटेपणाचे भय मला नाही, पण या वयात एका बंदुकीपायी कोणी मला फसवावे हे मला सोसणार नाही. एका नवऱ्याची दुसरी पसंती होऊन झाले आहे.

सिरिल चहावर मला आणि आयव्हीला कचेरीतल्या गोष्टी सांगतो. “मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही केली की त्यातलं काहीही आपल्याला मिळत नाही. आमच्याकडे एका पुतण्याने हौसेने सही ठोकली आणि अख्खं शेत घालवलं.” आणखी एक गोष्ट त्याच्या फार आवडीची. “लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द. हे ऐकताना म्हातारपणी लग्न करणाऱ्यांच्या मुलांचे चेहरे पाहायला हवेत, आयव्ही!”

म्हणून मी असे लिहिते. सदर रायफल, तिचा पट्टा, लाकडी पेटी आणि सर्व सुटे भाग सिरिल फॉसेट यास मिळावेत. एडगर, माफ कर. वस्तू पुरी व्हावी हे तुझेच म्हणणे होते. सिरिलला ती मिळण्यात कायद्याची अडचण आल्यास ती आमच्या भागातल्या पलटणीच्या संग्रहालयाला द्यावी, दुर्बिणीशिवाय, काचेआड, कायमची.

कलम पाचवे व शेवटचे. आज रविवार आहे. चार वाजता सिरिल, आयव्ही आणि आताचे पाद्रीबुवा रेव्हरंड ऑस्विन हेल चहाला येत आहेत. एक साक्षीदार आयव्ही असेल. तिला मी चंबू आणि इस्त्री आजच देऊन टाकत आहे, म्हणजे कलम तिसऱ्यावरून कोणी कायदा शिकवायला नको. दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी मी पाद्रीबुवांचे नाव लिहून ठेवले आहे, पण कागद आणि लेखणी आधी सिरिलपुढे ठेवीन. तो दूधवाल्याची पावतीसुद्धा वाचल्याशिवाय ठेवत नाही, तेव्हा हेही शब्द न् शब्द वाचेल.

सिरिल, लेखणी पाद्रीबुवांकडे सरकवलीस तर रायफल तुझी. माझा राग नसेल, फक्त रविवारचा चहा बंद होईल. सही केलीस तर या कागदावर तुझ्या नावाचे काहीही उरत नाही. कोळशाच्या प्रश्नाचे माझे उत्तर यात कुठेही लिहिलेले नाही, शोधू नकोस.

हे सर्व मी वाचून पाहिले, खाडाखोड केली नाही, आणि खालील साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करीत आहे.

ठिकाण: ऑल्डनबेक, स्वयंपाकघर
दिनांक: १६ ऑक्टोबर १९९४

(सही) हेस्टर ब्रेथवेट

साक्षीदार:

१. (सही) आयव्ही डॉसन, शेजारीण. चंबू व इस्त्री मिळाली. चंबूला अजून वास येतो.

२. रेव्हरंड ऑस्विन हेल — हे नाव मी खोडले आहे. सि. फॉ.

(सही) सिरिल फॉसेट, निवृत्त कारकून. सर्व कलमे वाचली व समजली. हे मृत्युपत्र फार दिवस टिकू नये, एवढीच माझी इच्छा आहे.