न अडखळणारा फोन

प्रिय साबिरा,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तीन आठवडे तुझ्यासाठी फोन निवडत होतो. मोबाइलच्या दुकानातल्या माणसाला फोन निवडायला तीन आठवडे लागतात म्हणून इथे सौदीत, बलदच्या बाजारगल्लीत सगळे मला हसतात. हसू देत. मागचा फोन मी एका दिवसात निवडला होता, त्याचं काय झालं ते तुला ठाऊक आहे.

खोक्यावर ‘आठ कोर’ वाचून मी भुललो. तुझे कान गेल्यापासून तू माझ्या ओठांवरून बोलणं ओळखतेस, म्हणून हौसेने व्हिडिओ पाठवला, आणि त्या फोनवर चित्र मध्येच थिजलं. माझं तोंड उघडं ते उघडंच. तुला वाटलं मला झटका आला. सूनबाईने, नूरैनने, घाबरून मला चौदा फोन केले आणि मी इथे मजेत जेवत बसलो होतो.

तेव्हापासून चिपच्या मागे लागलो. शाळा सातवीपर्यंतच, पण एवढं कळलं. चांगल्या चिपमध्ये व्हिडिओ उलगडायला एक वेगळा भाग असतो. तो भाग आपल्या व्हिडिओची जात ओळखत नसेल, तर सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर पडतं. मग फोन तापतो आणि माणसं अडखळतात. कोर म्हणजे नुसते वाढपी, दहा आणले तरी बिर्याणीला बावर्चीच लागतो. म्हणून प्रत्येक फोनवर माझाच व्हिडिओ अर्धा तास लावायचो आणि फोनची पाठ गालाला लावून बघायचो. गरम लागला की खलास, बाद. असे अकरा बाद केले.

हम्माद, आमचा नवा सौदी सेल्समन, दोन मुलांचा बाप आहे, पण जिभेला हाड नाही. आमच्यासारखी हिंदी शिकलाय. म्हणाला, चाचा, फोन बघताय की नवरी? मी म्हटलं, नवरी एका नजरेत पसंत केली होती, फोनचं तसं नसतं. आता तोही गिऱ्हाइकासमोर फोन गालाला लावतो. त्याला सगळं शिकवतोय, घाईघाईने.

बारावा फोन आपल्या गावच्या हनीफबरोबर पाठवतोय. तो दहा दिवसांच्या सुट्टीवर येतोय. फोन त्याने सामानात न टाकता खिशात ठेवावा असं त्याला चार वेळा बजावलंय. चार्जर मोज्यात गुंडाळलाय, मोजे धुतलेले आहेत. फोनमध्ये माझा एकच व्हिडिओ आहे. त्यातलं तुला तोंडानेच सांगायचं होतं, पण एवढं करूनही व्हिडिओ अडकला तर काय, म्हणून इथे लिहून ठेवतो. सप्टेंबरपासून मोबाइलच्या दुकानात फक्त सौदी माणसानेच काम करायचं असा हुकूम आहे. कफील, म्हणजे आमचा सौदी मालक, भला माणूस, दुसरीकडे कामाला लावतो म्हणाला. मीच नको म्हटलं. साबिरा, मी कायमचा घरी येतोय. सव्वीस वर्षं मी तुझ्याकडे दर दोन वर्षांनी चाळीस दिवसांचा पाहुणा. एकेचाळिसावा दिवस आपण दोघांनी कधी पाहिलाच नाही, त्याचीच धास्ती वाटते. तुला चालेन ना मी रोजचा? हनीफ परतायची वाट बघू नकोस. ह्याच फोनवर तुझा व्हिडिओ काढून लगेच पाठव. माझे कान अजून शाबूत आहेत.

तुझाच,
जाफर